सरळ बस

मानेचे व्यायाम देणाऱ्या मॅडमच्या दवाखान्यात भिंतीवर माझ्या बायकोचे दोन फोटो आहेत. दोन्ही एका बाजूने काढलेले, दोन्हींत डोळ्यांवर काळी पट्टी. पहिल्यात तिची मान कासवासारखी पुढे आलीय आणि हनुवटी वर. दुसऱ्यात कान बरोबर खांद्याच्या रेषेत. खाली छापलंय, 'चार महिन्यांनंतर'. कुणी ओळखू नये म्हणून ती पट्टी. पण नवऱ्याला बायको ओळखायला डोळे कशाला लागतात? मला तिची हनुवटी पुरते.

ती जाऊन दोन महिने झाले होते, आणि फोटो तसेच होते. जसं काही ही बाई बरी होऊन घरी सुखात नांदतेय.

"हे काढा," मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो.

"काय काढू?"

"हे दोन फोटो. ही बाई मेलीय."

ती गडबडली. रजिस्टर उघडलं. "अपॉइंटमेंट आहे का तुमची?"

"भांडायला अपॉइंटमेंट लागते?"

"मॅडम पेशंट बघतायत. बसा ना काका."

मी बसलो नाही. त्या खुर्च्या बसण्याच्या लायकीच्याच नव्हत्या. फोम दबून खालची फळी लागत होती आणि पाठीला आधार म्हणून नुसती रेक्झिनची कातडी. गेली चाळीस वर्षं मी सोफे आणि खुर्च्या भरतोय. असल्या खुर्चीत माणूस दहा मिनिटं बसला तर कणा विळ्यासारखा होईल. आणि ही माणसं जगाच्या माना सरळ करायला निघालीत.

माझ्याकडे एक कागद होता. याच दवाखान्याने दिलेला, व्यायामाचा. तो पुरावा होता. मला मॅडमकडून चार ओळी लिहून हव्या होत्या, सहीनिशी : 'जबडा दुखला तर ते हृदयाचंही असू शकतं, हे मी या बाईला किंवा तिच्या नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं.' एवढंच. ते घेऊन मी लेकीकडे जाणार होतो. लेक दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती. फोन उचलत नव्हती. दारात गेलो तर जावई बाहेर येऊन म्हणायचा, "झोपलीय." दुपारी बारा वाजताही झोपलेलीच.

हे सगळं का झालं ते सांगतो.

घराला लागून आमचा छोटा कारखाना, काम दोघांचं. मी सांगाडे दुरुस्त करायचो, पट्टे ताणायचो, फोम बसवायचो. खोळी शिवायची ती. जाड कापड, रेक्झिन, कधी चामडं. कापायचं टेबल माझ्या उंचीचं होतं, आणि मी उंच. मशीन त्या टेबलाला लागून, म्हणजे कापलेलं लांब कापड सरळ मशीनवर सरकतं, खाली लोंबत नाही, ओढ लागून शिवण वाकडी जात नाही. त्यासाठी मी मशीनच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे घातले होते. टेबल आणि मशीन एका पातळीत. गुळगुळीत काम. मला त्याचा अभिमान होता.

ती बुटकी होती. माझ्या खांद्यालाही लागायची नाही. मशीन तिच्या छातीपर्यंत यायचं. सुई दिसावी म्हणून ती खांदे वर उचलायची, मान पुढे काढायची, हनुवटी वर करायची. सव्वीस वर्षं. मी रोज समोर होतो. मला ते दिसलं नाही असं नाही. मला वाटलं, ती तशीच आहे.

मग तिचा जबडा वाजायला लागला. जेवताना कट्ट आवाज यायचा. मी चेष्टा करायचो, "बिजागरीला तेल घाल." ती म्हणायची, "तुमच्या जिभेला आधी लगाम घाला, मग बघू." पुढे तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. सकाळी उठली की कानापासून दुखायचं. दातवाल्याने एक दाढ काढली. मग दुसरी. दुखणं तिथेच. तो तिसरी काढायला निघाला तेव्हा लेकीने आईचा हात धरला, इथला नंबर लावून दिला आणि मी तिला घेऊन आलो.

मॅडमने तिला दहा मिनिटं नुसतं बसलेलं बघितलं. मग मला म्हणाली, "मान पुढे जाते आणि डोकं मागे झुकतं, तेव्हा हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात. ते खालचा जबडा मागे आणि खाली ओढतात. मग तोंड मिटून ठेवायला गालातल्या स्नायूंना सतत जोर लावावा लागतो. दिवसभर. त्यांना सुट्टीच नाही. फक्त मानेमुळेच होतं असं नाही, काही लोक ताणामुळे दात आवळतात, काही झोपेत चावतात. पण यांच्या बाबतीत मान बघायलाच हवी."

मला हे इतकं चटकन कळलं की मॅडमलाच नवल वाटलं. खुर्चीच्या बैठकीखाली पट्टे आडवे-उभे ताणलेले असतात. एक पट्टा जास्त ओढला की समोरचा रात्रंदिवस झुंजत राहतो आणि शेवटी सांगाड्याचा सांधा करकरतो. माणसाचं तोंडही तसंच. बसणं हा माझा धंदा आहे. बसण्यातलं मला कोण शिकवणार?

घरी आलो आणि त्याच संध्याकाळी ठोकळे काढले. टेबलाचे पाय कापले. आता वाकायची पाळी माझी. तिच्यासाठी खुर्ची केली, तिच्या मापाची, कमरेला बरोबर जागी फुगवटा. मॅडमने दिलेला कागद प्लायवर चिकटवला, वर प्लॅस्टिक ताणलं आणि मशीनसमोरच्या भिंतीवर ठोकला. ओठ मिटलेले, दात सुटे. जीभ टाळूला. खांदे खाली. दर अर्ध्या तासाने उठा. असं सगळं त्यावर होतं.

आणि मी पहारेकरी झालो. समोरून दिवसभर तेच. "सरळ बस." "दात सोड." "हनुवटी आत."

"लग्नाआधी बघायला आला होतात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत," ती म्हणायची.

"तेव्हा बसलेलीच दाखवली होती तुला. उंची कुठे कळली?"

"कळली असती तर?"

"तर टेबल आधीच कापलं असतं."

पण गुण आला. तोंड तीन बोटं उघडायला लागलं. ती पावाचा कडक तुकडा चावून दाखवायची, मुद्दाम माझ्या कानाशी. मॅडमने फोटो काढले, आणि ती खुशीने उभी राहिली.

मग तो दिवस. एका सभागृहाच्या खुर्च्यांचं काम होतं. सकाळी कामाला बसतानाच ती म्हणाली, "आज जबडा परत धरलाय."

"वाकून बसली असशील. सरळ बस."

ती सरळ बसली. तासाभराने म्हणाली, "मानपण जड झालीय हो. आणि पाठीत भरून आल्यासारखं."

"दात आवळतेयस तू. मला इथून गालाची गाठ दिसतेय. सोड दात."

तिने तोंड किंचित उघडलं. कपाळावर घाम होता. मी पंखा तिच्याकडे वळवला आणि परत माझ्या कामाला लागलो. जेवायच्या वेळेला तिने मशीन थांबवलं, डोकं त्याच्यावर टेकलं. मी म्हणालो, "झोपायचं तर आत जाऊन झोप, मान अवघडेल."

ती उठली नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने विचारलं, कधीपासून दुखत होतं. मी म्हणालो, सकाळपासून, पण जबडा. तो म्हणाला, "बायकांमध्ये पुष्कळदा असंच येतं. छातीत कळ न येता जबड्यात, मानेत, पाठीत. तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं काय केलं ते. माझ्या शेजारी लेक आणि जावई उभे होते, आणि तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा.

मेहुण्याने तिथेच तोंड सोडलं. "सरळ बस म्हणालात? माझी बहीण मरत होती आणि तुम्ही तिला शाळेतल्या पोरासारखं सरळ बस म्हणालात?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला कधी काय माहीत असतं? सव्वीस वर्षं राबवलीत. मान मोडेपर्यंत राबवलीत, भावोजी, आणि मोडल्यावर वर उपदेश."

मी त्याची कॉलर धरली. जावयाने सोडवलं. लेक भिंतीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती गप्प.

दोन महिने मी रिकाम्या कारखान्यात बसून एकच गोष्ट घोळवली. जबड्याच्या दुखण्याचं मूळ मानेत आहे हे माझ्या डोक्यात कुणी भरलं? मॅडमने. कागदावर काय काय लिहिलंय : जीभ कुठे, खांदे कुठे, उशी किती जाड. मग एक ओळ हृदयाची लिहायला हिचे हात मोडले होते? मेहुणा मला खुनी म्हणतो. खुनी ही आहे. मी तिच्या हातातलं अवजार होतो. हे मला पटलं, आणि पटल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून तो प्लाय उचकटून घेऊन निघालो.

आतला पेशंट बाहेर पडला, आणि मी बोलावायची वाट न बघता आत घुसलो.

मॅडम उभी राहिली. चाळिशीची असेल. मला बघून तिचा चेहरा पडला. "काका. मला कळलं ते. तुमच्या मुलीने कळवलं होतं. खूप वाईट वाटलं."

"मी तुमचा काका नाही. आणि वाईट वाटायचं काम करायला मी घरी आहे. तुम्ही लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

मी सांगितलं. पाठच केलं होतं. ती ऐकत राहिली, हात टेबलावर ठेवून. मी बोलताना तिच्या गालात गाठ यायला लागली. स्वतःचेच दात आवळत होती. मी म्हणालो, "दात सोडा. तुम्हीच शिकवलंय."

"तुम्ही बसता का?" तिचा आवाज बदलला होता.

"नाही. त्या खुर्च्या तुम्हीच वापरा. चार ओळी लिहा, फोटो उतरवा, मी जातो."

"मी खोटं कसं लिहून देऊ?"

"खोटं?" मी प्लाय तिच्या टेबलावर आपटला. कागदांचा गठ्ठा उडाला, बाहेरची मुलगी दारात आली. "हा तुमचाच कागद ना? वाचा. मोठ्याने वाचा. हृदय हा शब्द कुठे आहे दाखवा. सापडला तर मी इथल्या इथे पाय धरतो."

तिने बाहेरच्या मुलीला हाताने थांबवलं. प्लाय स्वतःकडे वळवला. वाचला नाही. नुसती बघत राहिली. मग बोट खालच्या कडेवर ठेवलं.

"हा कुणी कापला?"

"काय?"

"कागद. हा खालून कापलाय."

मी म्हणालो, "मी कापला. त्याचं काय?"

"का?"

तिला काय घेणं होतं? पण उत्तर जिभेवर होतंच. मशीनच्या मागे जाड दोऱ्याची रिळं उभी असतात. दोरा वर जाऊन आकड्यातून खाली येतो. कागद लांब होता, त्याची खालची कड दोऱ्याला घासली असती आणि दोरा अडला असता. म्हणून पट्टी लावली, खालून चार बोटांवर रेघ मारली, आणि कापला. आमच्या धंद्यात लोंबणारं काही ठेवत नाहीत. लोंबलं की कापायचं. हात आपोआप जातो.

हे सगळं मी तिला सांगितलं, तावातावाने, जसं काही चूक तिच्या कागदाची होती.

तिने कप्पा उघडला, नवा कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. वरून ओळीला ओळ जुळत होती. आठव्या ओळीनंतर माझा संपला. तिचा चार बोटं आणखी होता. तिथे काळी चौकट होती आणि चौकटीत लिहिलेलं होतं :

'जबडा किंवा मान दुखताना घाम येणे, दम लागणे, मळमळ, छातीत दाब, पाठ किंवा हात भरून येणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम करू नका. वाट बघू नका. लगेच हॉस्पिटलमध्ये जा. हे हृदयाचे दुखणे असू शकते.'

मला ती चौकट आठवली. कापताना दिसली होती. मला वाटलं दवाखान्याचा पत्ता आणि वेळ असेल. पत्ता तर मला माहीत होता.

"छपाई नवी असेल," मी म्हणालो. "आता घातलं असेल तुम्ही. ती गेल्यावर."

"खाली छापल्याची तारीख आहे."

होती. दोन वर्षांपूर्वीची.

"तोंडी सांगायचं मग! कागद कोण वाचतं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि आता तीही चिडली होती. "पहिल्याच दिवशी. निघताना तुम्ही बाहेर फोनवर कुणाशी तरी कापडाच्या भावावरून भांडत होतात. मावशी एकट्या होत्या. मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आमच्या ह्यांना कागद द्या, ते सगळं बरोबर करून घेतील."

मी ती तारीख परत बघितली.

"मला दर वेळी सांगायला हवं होतं. आता सांगते. प्रत्येक पेशंटला, दर वेळी, तो कंटाळला तरी. एवढं लिहून हवं असेल तर देते. पण सांगितलं नाही असं लिहिणार नाही."

ती बाहेर गेली आणि दोन्ही फोटो भिंतीवरून काढून घेऊन आली. माझ्यासमोर धरले. "हे घ्या. हे आधीच काढायला हवे होते, ती चूक माझी."

मी आलो होतो त्यासाठीच. तरी माझा हात पुढे झाला नाही. मला त्या बाईचा इतका राग कधीच आला नव्हता जितका त्या क्षणी आला. ती बरोबर होती म्हणून. मी नवा कागद तेवढा उचलला आणि निघालो. प्लाय तिथेच राहिला. मागून ती काहीतरी म्हणाली, मी ऐकलं नाही.

लेकीचं घर तिथून वीस मिनिटांवर. चालत गेलो. वाटेत डोकं काम करत होतं, लबाडाचं करतं तसं. हे तिघांनाच माहीत आहे : मला, मॅडमला आणि त्या काउंटरवरच्या मुलीला. लेकीला सांगायची गरज काय? नवा कागद फाडून टाकला की संपलं. मॅडम कशाला कुणाच्या घरी सांगत फिरेल? कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा होता. मी त्याच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. एक बाई मला बघून वळसा घालून गेली.

जावयाने दार उघडलं. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "झोपली असेल तर उठव. नाहीतर मी इथून बोंब मारतो, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल."

आतून लेक आली. जावई बाजूला झाला. तिने दार अर्धवट धरून ठेवलं, एक खांदा दाराला लावून. आईसारखीच बुटकी आहे.

"बोला."

मी कागद पुढे केला. "हा आईचा व्यायामाचा कागद आहे. पूर्ण. भिंतीवरचा मी कापला होता. खालचं... हे खालचं मी कापलं होतं."

तिने कागद घेतला नाही. बघितलाही नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी आईने मला कागदाचा फोटो पाठवला होता. पूर्ण कागदाचा. हॉस्पिटलमधून आल्यावर मी कारखान्याचे दिवे बंद करायला गेले. तेव्हा भिंतीवरचा बघितला."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? मामा माझ्या अंगावर आला होता..."

"मामाला कळलं असतं तर तुम्ही आज इथे उभे नसता."

"दोन महिने मी..."

"दोन महिने तुम्ही काय केलंत बाबा? मामाला शिव्या घातल्यात. डॉक्टरला घातल्यात. शेजारच्या आजींना सांगितलंत की दातवाल्याने दाढा काढल्या म्हणून हे झालं. आज सकाळी मॅडमकडे गेलात. त्यांचा फोन आला होता मला, तुम्ही निघाल्यावर. मी वाट बघत होते. तुम्ही जगात सगळ्यांच्या दारात जाऊन आलात. रोज त्या कागदासमोर बसत होतात. एकदा खालची कड बघितली नाहीत."

"तुला मॅडमने सांगितलं, म्हणजे मी सांगायच्या आधीच तुला..."

"हो. तुम्ही येऊन काय सांगता तेवढंच बघायचं होतं."

मी त्या डब्यापाशी किती वेळ उभा होतो हे तिला सांगितलं नाही. ते माझं मीच ठेवलं. सांगायला हवं होतं कदाचित.

"मग आता?" मी म्हणालो. "आता घरात घेशील?"

तिचा जबडा घट्ट मिटला. कानाखाली गाठ आली. मी काही म्हणालो नाही. सकाळी मॅडमला म्हणालो होतो.

"मामा आईला रोज आठवून रडतो," ती म्हणाली. "त्याला वाटतं, तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही अडाणीपणाने केलं. तो शिव्या देतो आणि मग मामीला म्हणतो, बिचाऱ्याला तरी काय माहीत असणार. हे मला ऐकवत नाही. त्याला फोन करा."

"आत्ता?"

"आत्ता. इथून. माझ्यासमोर."

"तो मला जिवंत सोडणार नाही."

"मग नंतर आत या," ती म्हणाली. "जे उरेल ते."

जावई मागे उभा होता, त्याने खाली बघितलं. मी फोन काढला. मेहुण्याचा नंबर सापडेना, कारण मीच तो पुसून टाकला होता. लेकीने स्वतःच्या फोनवरून लावून दिला आणि माझ्या हातात ठेवला.

बराच वेळ घंटा वाजली. मला वाटलं, नाही उचलणार. तिच्या मामाने उचलला. "काय गं बाळा?"

"मी बोलतोय," मी म्हणालो.

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही? तिच्या फोनवरून? आता काय राहिलंय तुमचं?"

"एक राहिलंय. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस. संपल्यावर हवं ते बोल, हवं तर ये आणि मार. मी तिच्याच दारात आहे."

तिकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, कागद भिंतीवर ठोकला तिथून.